विनोदाची तालीम लोकांसमोरच

वॉशिंग्टनमधल्या स्मिथसोनियन संस्थेच्या अमेरिकी इतिहासाच्या संग्रहालयात एक पोलादी कपाट जपून ठेवलं आहे. त्याला ४८ खण आहेत. खणांत टाइप केलेली कार्डं, एका कार्डावर एक विनोद, आणि सगळी विषयवार लावलेली: नवरा, सासू, स्वयंपाक, घरकाम. कार्डांची संख्या ५२ हजारांच्या आसपास भरते. हा ऐवज फिलिस डिलर या विनोदी कलावतीचा. मार्च १९५५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या 'पर्पल अनियन' या छोट्या क्लबात ती पहिल्यांदा उभी राहिली, तेव्हा ती ३७ वर्षांची होती आणि पदरात पाच मुलं होती. रंगमंचावर ती विस्कटलेल्या केसांची, तोंडाला येईल ते बोलणारी बाई वाटायची. कपाट बघितलं की लक्षात येतं, तोंडाला येईल ते बाई कधीच बोलली नव्हती.

स्टँडअप शिकणाऱ्याची गोची इथूनच सुरू होते. एक माणूस माइक घेऊन उभा राहतो, आत्ताच सुचल्यासारखं बोलतो आणि लोक हसतात. बघणाऱ्याला वाटतं, एवढं तर आपणही रोज कट्ट्यावर करतो. करतही असतो. पण कट्ट्यावर निम्मं काम ओळखीने आधीच केलेलं असतं. बंड्याचा स्वभाव सगळ्यांना माहीत असतो, त्याच्या काकांची स्कूटर सगळ्यांनी ढकललेली असते, त्यामुळे 'काल काका भेटले' एवढं म्हटलं तरी हशा पिकतो. परक्या माणसांसमोर काका नव्याने उभे करावे लागतात, तेही तीन वाक्यांत. आणि ते उभे राहिले की नाही, हे आरशासमोर बोलून कळत नाही. तबल्याचा हात बंद खोलीत तयार होतो, नाटकाच्या तालमी रिकाम्या दिवाणखान्यात होतात. विनोदाची तालीम मात्र लोकांसमोरच होते, आणि तीच त्याची परीक्षाही असते. ही एक गोष्ट नीट कळली की या धंद्यातल्या बाकीच्या रीतीभातींचा उलगडा होतो.

रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकी मेंदूशास्त्रज्ञाने विद्यापीठाच्या आवारात, मॉलमध्ये, फुटपाथवर लोक कधी हसतात याच्या सुमारे १,२०० नोंदी केल्या. निष्कर्ष विनोदवीरांचा हिरमोड करणारा होता. हशाच्या आधी बोललं गेलेलं वाक्य विनोदी म्हणावं असं जेमतेम १० ते २० टक्के वेळा होतं. बाकी सगळं 'बरं, निघतो मग' छापाचं. शिवाय माणूस एकटा असताना हसतो त्याच्या सुमारे ३० पट चारचौघांत हसतो, असंही त्यांना आढळलं. म्हणजे हसणं ही आधी सोबतीची खूण आहे, विनोदाची पावती नंतर. म्हणूनच जाणता आयोजक प्रेक्षक आले की पुढच्या खुर्च्या आधी भरतो, मधल्या रिकाम्या ठेवू देत नाही, दिवे मंद करतो. बसकं छत आणि खांद्याला खांदा लागेल अशी बैठक असेल तर ३० माणसं घर दणाणून सोडतात. तीच ३० माणसं ८०० आसनांच्या नाट्यगृहात विखरून बसली, तर उत्तम विनोदालाही कुणाच्या तरी खोकल्याची साथ मिळते. नवखा हे सगळं स्वतःच्या अंगाला लावून घेतो आणि घरी जाऊन चांगलं वाक्य खोडून टाकतो.

आपल्याकडे भरताच्या नाट्यशास्त्राने हास्याच्या सहा पायऱ्या सांगितल्या आहेत: स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित. पहिल्या दोन उत्तम प्रकृतीच्या माणसांच्या, मधल्या दोन मध्यम आणि शेवटच्या दोन अधम. स्मितात दात दिसत नाहीत, हसितात किंचित दिसतात. आवाज फुटतो तो विहसितापासून. आता अंधारात, डोळ्यांवर दिवा घेऊन उभ्या असलेल्या माणसाला स्मित दिसणार कसं? स्टँडअप करणाऱ्याच्या दृष्टीने पहिल्या रांगेत बसलेले उत्तम प्रकृतीचे लोक म्हणजे आपत्तीच. त्याला पोट धरून डोळे पुसणारी अधम प्रकृतीची जनताच हवी असते. पुण्यातल्या काही प्रेक्षकांविषयी कलावंत जी तक्रार करतात ती एवढीच आहे: मंडळी हसतात, पण मनात.

तर तालीम होते कुठे? ओपन माइकवर. मुंबईत अंधेरी-खारकडे, पुण्यात एखाद्या कॅफेच्या माडीवर, संध्याकाळी १५-२० नावांची यादी लागते. प्रत्येकाला चार-पाच मिनिटं. समोरच्या खुर्च्यांतले बरेचसे लोक आपापल्या पाळीची वाट बघणारे नवखेच असतात. त्यांची नजर मोबाइलमधल्या स्वतःच्या मुद्द्यांवर असते, आणि दुसऱ्याच्या विनोदाला हसणं त्यांच्या जिवावर येतं. काही ठिकाणी उभं राहण्यासाठी नोंदणीचे पैसे नवख्यालाच भरावे लागतात. वेळ संपत आली की मागून कुणीतरी मोबाइलचा टॉर्च हलवतो. याला 'लाइट' म्हणतात. लाइट दिसल्यावरही जो बोलत राहतो त्याचं नाव पुढच्या यादीतून हळूच गळतं. हा धंदा शिस्तीचा आहे, आणि पहिली शिस्त घड्याळाची.

लंडनमध्ये ही शिस्त जास्त उघडी होती. १९७९ मध्ये सोहो भागात, एका स्ट्रिप क्लबच्या वरच्या मजल्यावर 'कॉमेडी स्टोअर' सुरू झालं. तिथे नवखा रंगेना झाला की थेट घंटा वाजायची. सूत्रसंचालक होता अलेक्सी सेल हा विनोदवीर. याच लंडनच्या कॉमेडी स्टोअरची शाखा २०१० मध्ये मुंबईत लोअर परळला निघाली आणि शहरातल्या इंग्रजी स्टँडअपला कायमचा रंगमंच मिळाला. हिंदीतली एकपात्री हशाची परंपरा त्याआधीची. धारावीत वाढलेला, हिंदुस्तान लिव्हरच्या कारखान्यात साहेबांच्या नकला करून 'लिव्हर' हे नाव कमावणारा जॉनी लिव्हर ऑर्केस्ट्रांच्या मधल्या वेळा भरता भरता घडला. २००५ च्या 'द ग्रेट इंडियन लाफ्टर चॅलेंज'चा विजेता सुनील पाल हा आपल्या हिंगणघाटचा. या मंडळींना ओपन माइक हा शब्दही मिळाला नव्हता. वाद्यवृंदाच्या दोन गाण्यांमधली दहा मिनिटं हाच त्यांचा ओपन माइक.

नवख्याचं पहिलं ध्येय असतं 'टाइट फाइव्ह', म्हणजे कुठेही, कुणाहीसमोर, हमखास चालतील अशी पाच घट्ट मिनिटं. ऐकायला किरकोळ वाटतं. पण घट्ट म्हणजे दर पंधरा-वीस सेकंदांनी हशा, आणि मधे एकही वाक्य नुसतंच माहिती देणारं नाही. हे बांधतात कसं ते उदाहरणानेच बघू. विषय नेहमीचाच घेऊ, सोसायटीची लिफ्ट. पहिला खर्डा साधारण असा उतरतो:

'आमच्या सोसायटीत ना, काय झालं, मागच्या पावसाळ्याच्या आधी वगैरे, लिफ्ट बंद पडली होती. तर समितीने तिथे लिफ्ट बंद आहे अशी पाटी लावली. मग सहा महिन्यांनी त्यांनी त्या पाटीचीच दुरुस्ती केली होती, म्हणजे बघा.'

यात विनोद आहे, पण झाकलेला. आधी पावसाळा जातो, कारण त्याचं पुढे काहीच होत नाही. 'म्हणजे बघा' जातं, कारण लोकांनी काय बघावं हे सांगायची पाळी आली तर मामला आधीच हातचा गेलेला असतो. मग मुख्य अडचण. मराठी वाक्य क्रियापदावर संपतं. धक्क्याचा शब्द 'पाटीचीच', आणि त्याच्या पाठीवर 'दुरुस्ती केली होती' हे तीन शब्द बसलेत. हसू फुटायच्या क्षणी वक्ता अजून बोलतोच आहे, आणि लोक सभ्यपणे त्याचं वाक्य संपायची वाट बघतात. तेवढ्यात हसू विझतं. पण मराठीला शब्दांची मोडतोडही मानवते. म्हणून दुसरा खर्डा:

'आमच्या सोसायटीची लिफ्ट बंद पडली. समितीने तातडीने पाटी लावली: लिफ्ट बंद आहे. सहा महिने गेले. शेवटी एकदाची दुरुस्ती झाली. पाटीची.'

आता अपेक्षा एका बाजूला चढते आणि शेवटच्या शब्दावर घसरते. ताणलेल्या अपेक्षेचं एकाएकी काहीच-नाहीत रूपांतर होणं म्हणजे हसू, असं इमॅन्युएल कांटने १७९० मध्ये लिहून ठेवलं. त्याने स्वतः कधी पाच मिनिटं केली असतील असं वाटत नाही, पण निदान बरोबर होतं. ताण चढवणाऱ्या भागाला सेटअप म्हणतात, घसरण्याच्या जागेला पंच. 'झाली' आणि 'पाटीची' यांच्या मधे किती थांबायचं हे मात्र कागदावर लिहिता येत नाही.

पंच लागला की शहाणा माणूस नवा विषय काढत नाही; त्याच मातीतून आणखी काढतो. 'आता ती लॅमिनेट केलीय.' छोटा हशा. 'पाचव्या मजल्यावरच्या आजींची तक्रार आहे, पाटी वाचायला खाली यावं लागतं.' मोठा हशा. याला टॅग म्हणतात. टॅग स्वस्त पडतो, कारण सेटअपचा खर्च आधीच झालेला असतो. आणि मग तीन मिनिटांनी, लग्न जमवण्याच्या भलत्याच किश्शात, मुलाकडच्यांनी अनेक महिने काहीच कळवलं नाही असं सांगून 'आम्ही पाटी लावली' म्हटलं की तो झाला कॉलबॅक. लोक त्या वाक्याला जेवढे हसतात त्याहून जास्त आपल्याला आठवलं याला हसतात. काही मिनिटांपूर्वी परके असलेले लोक आता वक्त्याच्या कट्ट्यावर आलेले असतात. बंड्याच्या काकांची स्कूटर त्यांनीही ढकलली आहे.

थांबण्याविषयी सर्वांत नेमकं लिहिलं ते मार्क ट्वेनने. गावोगाव व्याख्यानं देऊन पैसे कमावणारा हा लेखक आजच्या स्टँडअपचा एक पूर्वजच. १८९५ च्या एका लेखात त्याने गोष्ट सांगण्याची कला उलगडून दाखवली आणि मोठा भर विरामावर दिला: क्षणभर कमी पडला तर धक्का बसत नाही, क्षणभर जास्त झाला तर श्रोत्यांना चाहूल लागते. हा क्षण दर रात्री वेगळा असतो, कारण तो समोरच्या माणसांच्या श्वासावर ठरतो. म्हणून नवख्याला सगळ्यांत आधी दिला जाणारा सल्ला अगदी साधा: हशा चालू असताना बोलू नकोस. पाळायला हा फार जड जातो. भीतीने माणूस भराभर बोलतो, आणि हशा आला की त्यालाच नवल वाटून पुढचं वाक्य घुसवतो. दोन-चार वेळा असं झालं की प्रेक्षक हसणं आवरायला शिकतात, कारण हसलो तर पुढचं ऐकू येणार नाही. वक्त्याने स्वतःच्या हाताने हशा बंद केलेला असतो.

यावर औषध एकच, आणि ते कडू आहे: दर वेळी स्वतःचं ध्वनिमुद्रण करून दुसऱ्या दिवशी ऐकणं. त्यात आपला आवाज चिरका लागतो, दर वाक्याला 'ना' आणि 'म्हणजे' येतात, आणि आठवणीत ज्या जागी टाळ्या होत्या तिथे प्रत्यक्षात एका मित्राचा आवाज निघतो. पण खरा हशा कुठे आला हेही तिथेच सापडतं. पुष्कळदा तो आपण मांडलेल्या पंचावर नसतो. सेटअपमधल्या एखाद्या तपशिलावर, सहज केलेल्या आवाजावर असतो. मग पुढच्या वेळी तो तपशील शेवटी न्यायचा आणि आधीचा लाडका पंच टाकून द्यायचा. लिहिणाऱ्याला हे फार लागतं. पण कुठला विनोद ठेवायचा याचं मत इथे प्रेक्षकाकडे असतं, लेखकाकडे फक्त खोडरबर.

नावाजलेल्यांनाही यातून सूट नाही. दूरचित्रवाणीवरची मालिका संपल्यावर जेरी साइनफेल्डने १९९८ मध्ये आपले सगळे जुने विनोद निवृत्त केले आणि पुन्हा छोट्या क्लबांतून नव्याने सुरुवात केली. २००२ च्या 'कॉमेडियन' या माहितीपटात हा प्रवास दिसतो. जगातल्या अत्यंत श्रीमंत विनोदवीरांपैकी एक माणूस मूठभर लोकांसमोर अडखळतो, धागा हरवतो, कागद चाळतो. ख्रिस रॉकची रीतही अशीच. मोठ्या दौऱ्याआधी तो न्यू जर्सीतल्या एका लहान क्लबात ४०-५० वेळा आयत्या वेळी उभा राहतो, हातात पिवळा कागदी पॅड, आणि त्यातले बहुतेक विनोद पडतात. त्याला बघून सुरुवातीला लोक हरखतात. पण ती कृपा थोडाच वेळ टिकते. चेहरा ओळखीचा असला म्हणून नसलेल्या विनोदाला कुणी फार वेळ हसत नाही.

पडण्याला या मंडळींत 'मरणं' म्हणतात. 'काल ठाण्यात मेलो' असं कुणी म्हणालं तर सांत्वन करू नये, किती मिनिटं मेलास एवढं विचारावं. मरणारा नवखा ठरावीक चुका करतो: आवाज चढवतो, प्रेक्षकांना दटावतो, शिवी हासडतो, नाहीतर स्वतःच हसून दाखवतो. शिवीचं थोडं सांगायला हवं. शिवीला पहिला हशा नक्की मिळतो, कारण धक्का बसतो. पण तो शब्दाला आलेला असतो, विनोदाला नाही, आणि शिकणाऱ्याला हा फरक कळेनासा होतो. संयोजकांपैकी काही जण नवख्यांना सुरुवातीला शिवीवाचून उभं राहायला सांगतात ते सोवळेपणाने नव्हे. कुबडी काढली की पाय किती भक्कम आहेत ते दिसावं म्हणून.

अशा बऱ्याच रात्री गेल्यावर वेगळाच प्रश्न उभा राहतो. हशा येतो, पण तो आपला असतो का? फ्रिजमधल्या आइस्क्रीमच्या डब्यात निघालेली कोथिंबीर, दुपारी एक ते चार, विरारची लोकल, बायकोचा मोबाइल: या विषयांवर हशा आजही मिळतो, पण तो विषयाचा साठवलेला हशा आहे, कुणीही जाऊन काढून आणावा असा. अमेरिकी विनोदवीर रिचर्ड प्रायरला हा प्रश्न १९६७ मध्ये लास व्हेगासच्या अलादीन हॉटेलात भर कार्यक्रमात पडला. तोवर तो बिल कॉस्बीच्या वळणाने स्वच्छ, गोड विनोद करून भरपूर कमावत होता. त्या रात्री तो प्रेक्षकांकडे बघून, मी इथे काय करतोय अशा अर्थाचं काहीतरी पुटपुटला आणि चालता झाला. पुढची काही वर्षं तो आपल्या लहानपणाकडे, वस्तीकडे, व्यसनाकडे वळला. १९७९ चा त्याचा 'लाइव्ह इन कॉन्सर्ट' हा चित्रपट आजही शिकणारे पाठ्यपुस्तकासारखा बघतात. त्यात तो स्वतःच्या हृदयविकाराच्या झटक्याचा अभिनय करतो, आणि हृदय त्याला दमदाटी करतं. वेदनेचा विनोद करायचा तर ती आधी आपली म्हणून मान्य करावी लागते. ते केल्याशिवाय हे दृश्य सुचलंच नसतं.

हिंदीत झाकिर खानचं उदाहरण जवळचं. इंदूरच्या सारंगीवादकांच्या घराण्यातला हा मुलगा. २०१२ मध्ये त्याने एका वाहिनीची स्पर्धा जिंकली, तेव्हा मुंबईतला स्टँडअप बहुतांशी इंग्रजीतून, इंग्रजी शाळांच्या आठवणींवर चालत होता. झाकिरने आपली इंदुरी हिंदी धुऊनपुसून घेतली नाही. प्रेमात हरलेल्या, लहान शहरातल्या पोराची अकड आणि हळवेपणा त्याने तसाच मांडला. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तो हिंदीतून उभा राहिला.

मराठीत एकट्याने उभं राहून माणसं हसवण्याला तोटा कधीच नव्हता. तमाशातल्या सोंगाड्याची बतावणी होती. गाडगेबाबांचं कीर्तन तर निव्वळ प्रश्नोत्तरांवर चालायचं: बाबा विचारणार, समुदाय उत्तर देणार, आणि तिसऱ्या उत्तरात समुदाय आपल्याच शब्दांत अडकणार. आज याला क्राउड वर्क म्हणतात आणि त्याचे छोटे व्हिडिओ लाखो लोक बघतात. बाबा मात्र हसता हसता लोकांच्या कर्जाला, दारूला आणि नवसाच्या बोकडाला हात घालत. १९६० च्या दशकात शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर कथाकथनासाठी गावोगाव फिरले. मिरासदारांचा निर्विकार चेहरा हा त्यांच्या विनोदाचा निम्मा भाग होता. पुलंनी 'बटाट्याची चाळ' एकट्याने उभी केली. लक्ष्मण देशपांड्यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये ५२ पात्रं एका शरीरात वागवली.

पण हे सगळं स्टँडअप होतं असं म्हणून टाकणं मला पटत नाही. पुलंचा आणि देशपांड्यांचा मजकूर संहिता म्हणून पक्का होता. प्रेक्षक तो दहाव्यांदा ऐकायला येत आणि आवडत्या वाक्याआधीच हसायला लागत. स्टँडअपमध्ये उलटं होतं. एकदा व्हिडिओ बाहेर आला की तो विनोद संपला. पुढच्या दौऱ्यात तोच ऐकवला तर प्रेक्षक फसवल्यासारखा बघतो. शिवाय पुलंच्या प्रयोगात चाळीतली माणसं बोलतात, त्या प्रत्येकामागे लेखक लपू शकतो. स्टँडअपमध्ये बोलणारा 'मी' असतो, आणि तो मी खरा आहे असा प्रेक्षकाचा आग्रह असतो. थोडा तिखटमीठ लावलेला चालतो, उसना चालत नाही. मराठी कलावंताला नाट्यगृहाचा वारसा आहे, तोच इथे आडवाही येतो. पाठ केलेलं सफाईने म्हणायची सवय असते, आणि सफाई ऐकू आली की प्रेक्षक खुर्चीला टेकून बसतो. आता नाटक सुरू झालं.

गेल्या दशकात हे बदललं. सारंग साठ्ये, अनुषा नंदकुमार आणि पॉला मॅकग्लिन यांच्या 'भाडिपा'ने मराठी स्टँडअपचे व्हिडिओ आणि कार्यक्रम केले, तेव्हा अनेकांना प्रथमच कळलं की आपण घरी ज्या भाषेत भांडतो त्याच भाषेत माइकवर बोलता येतं. तोवर मराठी घरातली मुलंही मुंबईत इंग्रजी-हिंदीतच हात आजमावत होती.

मोबाइलने शिकण्याची चालही बदलली. क्राउड वर्कच्या फितींना प्रतिसाद भरपूर मिळतो आणि लिहिलेला मजकूर त्यात खर्च होत नाही, म्हणून नवखे पहिल्या महिन्यातच पुढच्या रांगेतल्या जोडप्याला 'किती वर्षं झाली लग्नाला' विचारू लागतात. उत्तर काहीही आलं तरी चालेल अशी तयारी आधी केलेली असेल तर हे खुलतं. नसेल तर ती जनगणना होते. दुसरीकडे, कच्चा विनोद कुणीतरी चोरून चित्रित केला की तो अर्धवट अवस्थेतच गावभर होतो. अनेक ठिकाणी म्हणूनच चित्रीकरणाला बंदी असते. ही काळजी नुसती चोरीची नाही. विनोदवीर मुनव्वर फारुकीला जानेवारी २०२१ मध्ये इंदूरला अटक झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने जामीन देईपर्यंत तो महिनाभर तुरुंगात होता. मार्च २०२५ मध्ये कुणाल कामराच्या व्हिडिओवरून वाद पेटला तेव्हा मुंबईत खारच्या 'हॅबिटॅट' या कॉमेडी क्लबची तोडफोड झाली आणि ती जागा बंद करण्याची घोषणा झाली. मोठ्या कलावंताला दुसरा मंच मिळतो. हॅबिटॅटसारख्या जागी मात्र संध्याकाळी कितीतरी नवखे पहिल्यांदा मरायला शिकत असतात. त्यांची शाळाच मोडते.

मराठीत सुरुवात करणाऱ्यापुढे यात एक जास्तीचा पेच असतो तो बोलीचा. अकोल्याचा मुलगा पुण्यात उभा राहिला की पहिल्याच वाक्याला हशा येतो, आणि तो 'काऊन बे'ला असतो. फुकटचा हशा सोडवत नाही. मग तो बोली दुप्पट जाड करतो आणि हळूहळू स्वतःचीच नक्कल करू लागतो. दुसरा टोकाला जाऊन पुस्तकी मराठीत शिरतो आणि घरच्या गोष्टी सांगताना वार्ताहर वाटतो. ज्यांचं जमलं त्यांनी बहुधा असं केलं: तीच पाच मिनिटं अकोल्यातही करून बघितली. तिथे 'काऊन बे'ला कुणी हसत नाही, कारण समोरचे सगळे तसेच बोलतात. तिथे जे वाक्य उरतं, त्याच्यावर पुढची पाच मिनिटं बांधायला घेतात.